मोडक्या बाजारातले तीन शेले

एका राज्यात राजा होता तो नावाला. हुकूम चाले धूम्रकेश जादूगाराचा. त्याने राज्यातली सारी नक्षी ओढून तांब्याच्या पेटीत कोंडली. लुगड्यांचे काठ कोरे झाले, देवळांचे खांब गुळगुळीत झाले, आणि मागावर बसून कोष्ट्यांना काही म्हणता काही सुचेना. पेटीवर शाप होता: तीन दिवसांत तीन नव्या नक्षीचे शेले जो विणील, त्याच्यापुढे ती उघडेल, जो हरेल, त्याचे हात लाकडाचे होतील.

धोंडाजी कोष्टी हरला. त्याची लेक येसू त्याला घास भरवू लागली. एका सकाळी घास भरवून ती उठली, ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"शेले मी विणते."

"हातांची माया नाही का?" जादूगाराने विचारले.

"आहे. म्हणूनच आले."

पण मागापाशी बसली, तर डोके कोरे. तेव्हा ती वेशीबाहेरच्या जुन्या बाजारात गेली. तिथे लोकांनी टाकलेल्या वस्तूंचे ढीग होते. मोडक्या पिंजऱ्यातली मैना म्हणाली, "बाई, धूम्रकेश इकडे ढुंकूनही पाहत नाही. तू पाहा. हातात घेऊन पाहा."

येसूने एक पोचे आलेले तपेले उचलले. कुण्या तांबटाने ठोकलेले घाव उन्हात एकेक चमकू लागले. तिला मासळीचे खवले दिसले. तिचे हात शिवशिवले. संध्याकाळपर्यंत शेला झाला. दरबारात उलगडताच त्यातून पाणी ठिबकले, आणि राजाची पावले भिजली.

दुसऱ्या दिवशी तिला गंजका अडकित्ता सापडला. उघडला, मिटला, चोच उघडली, चोच मिटली. चोचींचा शेला विणून तिने दरबारात सोडला. तो उडाला आणि घुमटावर जाऊन बसला.

धूम्रकेश घाबरला. तिसऱ्या पहाटे त्याने बाजार पेटवला. मैना निसटून येसूच्या खांद्यावर आली. मागोमाग धूम्रकेशही आला.

"माझा चेहरा विण. तुझे हात वाचतील, बापाचेही परत देईन."

"बापाचे हात तुझ्याकडे मागणार नाही," येसू म्हणाली. "विणून घेईन."

ती गरम राखेत उतरली. लाकूड जळले होते, कापड जळले होते. जात्याची एक तळी मात्र तशीच होती. तिने पदराने राख पुसली. मधल्या भोकापासून कडेपर्यंत टाकीचे घाव पसरले होते. येसू पाहत राहिली, मग मोठ्याने हसली. बोटे पोळली होती, त्याच बोटांनी तिने धोटा फेकला.

तिसरा शेला उलगडला आणि दरबारात दुसरा सूर्य उगवला. पेटी वितळली. नक्षी थव्याने उडाली, काठांवर, खांबांवर, उंबऱ्यांवर जाऊन बसली. धूम्रकेश त्या उजेडात विरघळला. भिंतीवर काजळीचा डाग तेवढा राहिला. धोंडाजीने घरी आपल्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला.

राजा सिंहासनावरून उतरला. "येसूबाई, आजपासून राज्यात तुमचीच नक्षी चालेल. बाकी सगळ्या बंद."

"नाही महाराज," येसू म्हणाली. "असा हुकूम निघाला, तर मी पुन्हा इथे येऊन उभी राहीन."

राजाने मान खाली घातली. हुकूम निघाला नाही. ज्याला जे सुचले ते त्याने विणले, आणि ते राज्य रंगारूपाला आले.