सातवे पाणी

मुलांनो, ज्या डोंगरावर आता नुसता कोळसा उरला आहे, तिथे पूर्वी साळिंदरांचे एक कुटुंब नांदत असे. म्हातारी आई, थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि धाकटीचे पिल्लू. दरवर्षी सगळे मिळून कडू कंद करत. हा कंद भारी विषारी; तसाच खाल्ला तर घसा सुजून जीव जातो. थोरला त्याच्या चकत्या करी, धाकटी त्यांना राख चोळी आणि आई त्या टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात धरी. टोपली पाण्यात असेपर्यंत आई एका पूर्वजाची गोष्ट सांगे. गोष्ट संपली की एक पाणी झाले. पुन्हा राख, पुन्हा ओढा, पुन्हा गोष्ट. सात पूर्वज, सात पाणी. मगच कंद चुलीवर चढे.

एका उन्हाळ्यात वणवा आला आणि डोंगर जळून गेला. जीव मुठीत धरून चौघे नदीपलीकडच्या परक्या रानात आले. तिथे त्यांनी पहिल्यांदा कंद शिजवला, तेव्हा झाडावरून माकड ओरडले, "काय हो मावशी, चिखल शिजवताय वाटतं? सगळं रान नासवलंत!" सारे रान हसले. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो म्हणाला, "आई, पुरे आता. इथं राहायचं तर इथल्यासारखं राहू. उंबरं काय कमी आहेत?" आईने चूल विझवली. त्या दिवसापासून जो तो आपापल्या झाडाखाली एकेकटा खाऊ लागला. दोन वर्षांनी आई गेली.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. उंबर वाळले, माकडे निघून गेली. पिल्लाला उभे राहवेना. धाकटीने जमीन उकरली, तर हाती लागला कडू कंद! तो पाहून तिच्या पाठीवरचे काटे भीतीने खडखडू लागले. तिला फक्त राख चोळता येत होती. ती धावत थोरल्याकडे गेली. "दादा, पाणी किती द्यायचं रे?"

"सात."

"आणि एकेक पाणी किती वेळ?"

"आईची गोष्ट संपेपर्यंत," तो हळूच म्हणाला.

"मग सांग ना गोष्टी!"

"मला आठवत नाहीत गं! एकसुद्धा नाही!"

पिल्लू ओढ्याकाठी निपचित पडले होते. थोरला चकत्या करायला बसला, धाकटी राख चोळू लागली. राखेचा वास नाकात गेला मात्र, थोरला एकदम म्हणाला, "सापळ्यात पाय तुटलेले पणजोबा!" धाकटी ओरडली, "वाघाच्या नाकात काटा रुतवणारी आजी!" एकाने नाव घ्यावे, दुसऱ्याने गोष्ट पुरी करावी, असे करत ओढ्याच्या उरल्यासुरल्या धारेत सहा पाणी झाले. सातवे नाव काही केल्या येईना. एक पाणी कमी पडले तर पिल्लू हातचे जाणार होते.

"धूत राहा," धाकटी म्हणाली. ऊन कलेपर्यंत दोघे मुक्याने टोपली धरून बसले. मग कंद शिजवून पहिला घास धाकटीने स्वतः खाल्ला आणि गळ्यावर पंजा ठेवून वाट पाहिली. घसा सुजला नाही. तेव्हा कुठे तिने पिल्लाला भरवले.

पोटात चार घास गेल्यावर पिल्लाने डोळे उघडले. सहाही गोष्टी त्याने पडल्या पडल्या ऐकल्या होत्या. त्याने विचारले, "मामा, सातवं कोण होतं?"

संकट तर टळले होते, तरी थोरल्याच्याही पाठीवरचे काटे खडखडू लागले. कारण आता ते कोणालाच सांगता येणार नव्हते.

तात्पर्य : परक्यांच्या हसण्याला भिऊन घरची चूल विझवू नये, मिळून रांधणे थांबले की आपली माणसे दुसऱ्यांदा मरतात.