उंबऱ्याबाहेरचं पाऊल

आपल्या पणज्यांनीसुद्धा जी गोष्ट नुसती ऐकलेली होती, ती ही गोष्ट. तेव्हा कुंभेटेपची घरं आजच्यासारखी माळावर नव्हती. ती वर होती, डोंगराच्या अगदी कुशीत. परसात उभं राहून हात लांबवला की कड्याला टेकायचा, असं म्हणतात. वाऱ्याची भीती नाही, झऱ्याचं पाणी दारात. लोकांना वाटायचं, बापच पाठीशी बसलाय.

त्या वाडीत भिवरा नावाची सुईण होती. तिच्या हातावर जन्मलेल्यांना नातवंडं झाली, तरी तिचा हात कधी थरथरला नाही. आडवं आलेलं मूल ती नुसतं बोलून सरळ करायची, असं म्हणतात. पण बाई कडक! पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते. ती पुजल्याशिवाय बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, असा तिचा दंडक होता. सटवाई दारातनं परत गेली तर पोराचं कपाळ कोरं राहतं, म्हणायची. एकदा एक बाळंतीण कोंबडीमागं अंगणात धावली, तर भिवरानं तिला दंडाला धरून आत बसवली. "कोंबडी दुसरी मिळंल गं भवाने, तू नाही मिळायचीस!" त्यानंतर वाडीत कुणाची छाती झाली नाही.

एका श्रावणात भिवराची एकुलती लेक, अनशी, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आईच्याच हातावर तिला मुलगी झाली. पाचवी व्हायची होती, तेवढ्यात नदीपलीकडून बोलावणं आलं. तिथं एक बाई अडली होती. सुईणीला नाही म्हणता येत नाही. भिवरानं घोंगडी घेतली आणि दारातनं बजावलं, "अनशे, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको."

"आई, मी काय लहान हाय?"

"बाळंतीण लहानच असते," भिवरा म्हणाली आणि गेली.

इकडं पावसानं खळ म्हणून घेतला नाही. झऱ्याला तांबडं पाणी आलं. दारं चौकटीत अडकायला लागली. मग अंगणातनं भेग गेली, आणि ती रुंदावत चालली. लोकांनी वाद घातला नाही. गुरं सोडली, पोरं काखेत मारली, आणि सगळी वाडी माळावर उतरली. शेजारची ठकूबाई अनशीच्या दारात थांबली होती. पण अनशी म्हणाली, "पाचवी झाली नाही, काकी. आई येईल आता." ठकूबाईलाही ते पटलं. सुईणीच्या लेकीनंच दंडक मोडायचा? तिनं बाळंतिणीची शेगडी तेवढी नीट पेटवून दिली आणि ती उतरली.

नदीपलीकडची बाई सुखरूप मोकळी करून भिवरा माळावर आली, तेव्हा दुपार कलली होती. तिनं सगळ्यांवरनं नजर फिरवली.

"अनशी कुठाय?"

ठकूबाई पुढं होऊन म्हणाली, "तिला कशी आणणार, भिवराकाकी? तुमचाच शब्द हाय न्हवं."

भिवरानं घोंगडी टाकली आणि ती धावत सुटली. त्या वयात, त्या चिखलात, तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, असं म्हणतात. ती अंगणात पोचली आणि वर डोंगर हलला. झाडं उभीच्या उभी चालू लागली. भिवरानं दोन्ही हात वर केले आणि प्रत्येक अडलेल्या बाईला म्हणायची तेच डोंगराला म्हणाली, "थांब. दम धर."

आणि डोंगरानं दम धरला, असं म्हणतात. धोंडे उतारावर जागच्या जागी राहिले. पाऊससुद्धा हवेत थांबला.

अनशी बाळाला घेऊन दारात उभी होती.

"ये बाहेर!"

अनशीनं पाऊल उचललं. पण उंबऱ्यावर ते अडलं. लहानपणापासून जे ऐकलं ते पायात मुरलं होतं. "आई, पोरीचं कपाळ कोरं राहील."

"राहू दे! मी शब्द मागं घेतला, अनशे. पाऊल टाक!"

अनशीनं आधी बाळ पुढं केलं. भिवरानं ते घेतलं. बाळ घ्यायला दोन्ही हात लागतात, लेकीला धरायला तिसरा हात तिच्याकडं नव्हता. तेवढ्यात डोंगराचा दम सुटला.

भिवरा आणि नात जिथं उभ्या होत्या, तेवढी जागा कोरडी राहिली. बाकी सगळं गेलं.

ती पाचवी माळावर पुजली. सटवाई आली, पण रडतच परत गेली, तिनं त्या पोरीच्या कपाळावर काहीच लिहिलं नाही, असं म्हणतात. पोर मात्र वाढली, शहाणी निघाली. भिवरा पुढंही बाळंतपणं करत राहिली, पण तिचं बोलणं थांबलं. कुठल्याही घरी बाळंतिणीला फक्त दोन शब्द बोलायची, "पाऊल टाक." नात सासरी गेली त्या पावसाळ्यात भिवरा दरडीकडं चढून गेली. ती उतरताना कुणाला दिसली नाही.

कुंभेटेपला आजही दरडीखाली कुणी घर बांधत नाही, गोठासुद्धा नाही. आणि बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की त्याच दिवशी तिला बाळासकट उंबऱ्याशी आणतात. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई बाहेर उभी राहते. तिचे हात मोकळे असतात, त्यात काही म्हणजे काही धरायचं नाही. ती म्हणते, "भिवराई आलीय. पाऊल टाक."

बाळंतीण पाऊल टाकते. म्हातारी तिचं मनगट घट्ट धरते. मग दोघी थोडा वेळ तशाच अंगणात उभ्या राहतात.