झबल्याचा वास

"...मग मीठ कळतं कसं?"

द्रुपदानं हे विचारलं तेव्हा वाटेची धूळ तिच्या पायांवर तशीच होती. समोर ठेवलेल्या तांब्याला तिनं हात लावला नव्हता.

हौसाक्का तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सव्वीस वर्षांनी तोंड दाखवलंस. ते मीठ विचारायला?"

"मीठच विचारायला आले."

खोटं. मांडीला टेकून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि द्रुपदा आली होती त्या डब्यासाठी. पण मागायची सवय नसलेल्या बाईचं असंच होतं. तोंड भलतंच बोलतं.

गोदाकाठच्या त्या मठात नाथांचा नैवेद्य हौसाक्का रांधायची. तिथली रीत करडी. देवाला दाखवायच्या आधी कुणी चाखायचं नाही. जीभ तर नाहीच, पातेल्यावर वाकून वाससुद्धा घ्यायचा नाही.

तरुणपणी द्रुपदा तिच्या हाताखाली दोन वर्षं राबली. एक दिवस पळी आपटून म्हणाली, "चव न बघता रांधायचं म्हणजे डोळे बांधून सुई ओवायची. मला नाही जमायचं." पोर कडेवर मारली आणि चालती झाली.

गेली, आणि नाव काढलं. हजार पानांची लग्नं उठवली. उकळत्या आमटीचा थेंब तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची आणि सांगायची, गूळ खडाभर कमी आहे. कधी चुकली नाही. माजही तेवढाच.

गेल्या कार्तिकात ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला.

"आता आमटी काय नि रॉकेल काय, मला सारखंच," द्रुपदा म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, आली तर येईल चव. असं मलाही सांगता आलं असतं, गळ्याला टाय लावून!"

हौसाक्का हसली. पुढचे दोन दात नव्हते.

"ऊठ. आज तूच रांध."

"मी? अहो आक्का, जीभ मेलीय माझी."

"नाथांनी तुझी जीभ कुठं मागितलीय? आमटी मागितलीय."

द्रुपदा उठली. डबा तिनं खांबाशी ठेवला. दोनदा मागं वळून बघितलं.

मठाची चूल कमरेएवढ्या उंचीची. डाळ शिजली, चिंचेचा कोळ पडला, उकळी आली. द्रुपदाचा हात सवयीनं पुढं गेला. पळीतला थेंब तळहातावर पडला आणि तळहात जिभेला लागला.

हौसाक्कानं पळी काढून घेतली.

"उष्टी केलीस."

"आक्का... मला लागलंसुद्धा नाही काही. गरम आहे एवढंच कळलं."

"जीभ गेली, पण तिची खोड मागं राहिली की गं!"

सगळं पातेलं मठाच्या गाईंसाठी बाजूला गेलं. हौसाक्कानं दुसरं पातेलं पुढं सरकवलं. पहिल्यापासून.

द्रुपदाचे कान तापले. हजार पानं उठवणारी बाई, आणि गाईंच्या आंबोणात गेली तिची आमटी.

"चाखू नको, हुंगू नको," ती करवादली. "मग उरलं काय माणसाकडं?"

"डाळ ऐक."

"...काय ऐकू?"

"बडबड थांबव म्हंजे ऐकू येईल."

द्रुपदा गप्प झाली. पहिल्यांदा नुसताच जाळाचा आवाज आला. मग पातेल्यातला. सुरुवातीला पातळ, पोरांच्या गलक्यासारखा. हळूहळू तो आवाज जड झाला, बुडबुडे सावकाश फुटायला लागले. पळी जड लागली. मोहरी तडतडायची थांबली तेव्हा तिनं न बघता जिरं टाकलं. मीठ घ्यायला मूठ आत गेली, बाहेर आली, आणि मुठीतले चार खडे बोटांनी आपणहून परत मडक्यात सोडले.

द्रुपदा मुठीकडं बघतच राहिली.

मागून हौसाक्का म्हणाली, "एका हातानंच काय रांधतेस? त्या डाव्याला काय झालंय?"

द्रुपदानं खाली बघितलं. डावा हात कोपरात वाकून कमरेशी होता. ती उभीही तिरपी होती, डावी कड चुलीपासून लांब काढून.

"सवय आहे."

"कसली?"

"...चुलीपुढं अशीच उभी राहते मी. कायमची."

हौसाक्कानं चुलीत एक लाकूड सारलं.

नैवेद्य झाला. पंगत बसली सात-आठ माणसांची. नदीपलीकडचा एक म्हातारा मेंढका मान खाली घालून जेवत होता. त्यानं आमटी मागितली. परत मागितली. तिसऱ्या वेळी मागितली नाही, नुसती वाटी पुढं केली.

द्रुपदा दाराआडून बघत होती. तिचा श्वास सुटला.

"झालं मिठाचं," हौसाक्का म्हणाली. "आता ज्याच्यासाठी आलीस ते बोल."

द्रुपदा खांबाशी गेली. मग डबा घेऊन आली आणि तिच्यापुढं बसली.

"मैनाचं झबलं आहे यात."

मैना म्हणजे कडेवर मारून नेलेली ती पोर. मठ सोडला त्याच वर्षी गोवरानं गेली. दीड वर्षाची होती.

"धुतलं नाही मी ते," द्रुपदा म्हणाली. "अंगातून काढलं तसंच ठेवलं. वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, झाकण उघडते. एकच श्वास घेते आणि लावून टाकते. जास्त घेतला तर संपंल, म्हणून. सव्वीस वर्षांत सव्वीस श्वास घेतलेत, आक्का. मोजून."

"आणि यंदा?"

"यंदा उघडलं... काहीच आलं नाही."

बाहेर गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. आमटी पोचली असावी.

"नाक मेलंय म्हणून आलं नाही, तर चालेल मला. जन्मभर नाही आलं तरी चालेल. वास तिथं आहे, मला लागत नाही, एवढंच. पण तोच उडून गेला असंल तर..."

हजार माणसांवर आवाज चढवणारी बाई, तिचा आवाज चुलीतल्या राखेसारखा झाला होता.

"कुणाला विचारू? नवरा राहिला नाही, सासू राहिली नाही. त्या पोरीला तुम्ही मांडीवर घेतलंय, तेल लावलंय. तिचा वास ओळखणारं तुमचं एकच नाक उरलंय या दुनियेत." तिनं डबा पुढं केला. "घ्या वास. आणि सांगा, आहे का अजून."

हौसाक्कानं डब्याकडं बघितलं. मग आपल्या हातांकडं.

"माझे हात मसाल्याचे आहेत. धुऊन येते. तोवर धर तिला."

ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश, घाटाच्या पायऱ्या उतरून गेली. पाण्याशी बसून तिनं हात धुतले. राखेनं धुतले, परत पाण्यानं धुतले. पदराला पुसत, प्रत्येक पायरीवर दम खात वर आली.

द्रुपदा उठून दाराशी गेली होती. नदीकडं तोंड करून उभी होती. डबा तिच्या डाव्या कडेवर होता, कोपराच्या खोबणीत. झाकणाची बाजू खांद्याला टेकली होती. उजवा तळहात डब्याच्या पाठीवर हळूहळू पडत होता... थांबत होता... पडत होता. कमरेपासून ती डुलत होती. तोंडानं काहीतरी चाललं होतं, ज्याला शब्द नव्हते.

यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

चाहूल लागली तशी ती वळली. डोळे भरलेले, आणि आवाज एकदम मोठा.

"आलात? घ्या आक्का, उघडा! सांगा मला—"

हौसाक्कानं हात पुढं केला नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाई... आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."