शिरपेचाचा मुजरा

फार जुन्या काळची गोष्ट. निंबाजीराव सरदारांच्या पगडीवर पाचूचा शिरपेच होता आणि पायात सोन्याचा एकच तोडा. दरबारात मुजऱ्याला सरदार वाकले की शिरपेचाला तो तोडा अगदी समोर दिसायचा, आणि तो नाक मुरडायचा.

“सोन्याच्या जातीचा असून धुळीत लोळतोस!” एकदा तो म्हणालाच. “लाज कशी वाटत नाही?”

“दादा, डोक्यावर सोनं कुणीही मिरवावं,” तोडा म्हणाला. “पायात घालायला राजाची परवानगी लागते. आणि मी ज्याच्या पायात, त्यानं रणातून पाऊल मागे घ्यायचं नाही, अशी अट असते.”

“मोठा आलाय अटी सांगणारा!” शिरपेच हसला.

त्याच वर्षी शत्रूनं सरदारांना खिंडीत गाठलं. पहिल्याच झटापटीत पगडी उडाली आणि शिरपेच काट्याकुट्यांत जाऊन पडला. तिथून त्याला फक्त सरदारांचा पाय दिसत होता. तोड्यावर वार बसले, तो चेपला, रक्तानं माखला. पण दिवस मावळेपर्यंत ते पाऊल तसूभरही मागे सरलं नाही. शेवटी शत्रूच परत फिरला.

पुढच्या दरबाराआधी सोनार तोडा ठोकून नीट करायला आला. सरदार म्हणाले, “राहू द्या. शोभतोय तसाच.”

दरबार भरला. सरदार नेहमीसारखेच मुजऱ्याला वाकले. शिरपेच मात्र त्या दिवशी बोटभर जास्तच वाकला, आणि तो राजाकडे बघत नव्हता.