डोहपरीची दोन पानं

झरे गोष्टी सांगायचे आणि बेडूक त्यांना हुंकार द्यायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट.

डोंगराच्या कुशीत, झऱ्याकाठी इवलीशी झोपडी. तिथं आवडी आणि तिची बय, म्हणजे आई, राहायच्या. बय तापानं फणफणलेली. पोटात काही ठरेना, ठरायचं ते फक्त माशाचं पातळ कालवण. आणि मासे तर डोह सोडून पळालेले!

पळतील नाही तर काय? डोहात पोपटी, तांबूस, मऊमऊ झाडं डुलायची. त्यांच्या पानांआड मासोळ्या अंडी घालायच्या. पण शहरातून आला काचशेठ. शोभेचे मासे ठेवायच्या काचेच्या पेट्या विकायचा, म्हणून हे नाव. पेट्या सजवायला त्याला पाण्यातली झाडं हवी होती.

"उपटा ग, मुळासकट उपटा! टोपलीभर झाडं, ओंजळभर तांदूळ!" तो गावच्या बायापोरींना सांगायचा.

घरात दाणा नव्हता. आवडीही पाण्यात उतरली. पण रानात कंद खणला की त्याचं डोकं परत मातीत पुरायचं, ही बयची शिकवण. आवडी इथंही तेच करायची. झाड काढलं की एक कोंब वाळूत खोचायचा, वर खडा ठेवायचा.

"ए आवडे, काढतेस की लावतेस?" काचशेठ काठावरून ओरडला. "अशानं टोपली दिवाळीला भरेल!"

"भरेल तेव्हा भरेल, शेठ. घरात बी नको का ठेवायला?"

दुपारी सगळे जेवायला गेले. आवडी एकटीच कोंब खोचत राहिली. तोच पाणी लखलख लखलखलं, आणि वर आली बोटाएवढी परी! चतुराचे झिरझिरीत पंख, पायांत बुडबुड्यांचे पैंजण. हिरव्या लुगड्याची मात्र एक चिंधी उरलेली.

"भिऊ नको ग चिमणे. मी डोहपरी. सगळ्यांनी माझं लुगडं ओढलं, तू एकटीनं टाका घातलास."

तिनं आवडीच्या तळहातावर दोन रुपेरी पानं ठेवली.

"पान पाण्यात सोड आणि माग. पण ते खालच्या धबधब्यावरून पडायच्या आत मागून घे. आणि कुणाचं वाईट मागितलंस तर पान बुडेल हो!"

आवडी लगेच पाण्याशी वाकली. पहिलं पान सोडलं आणि ओरडलीच, "काचशेठची गाडी गाळात रुतू दे!"

गुडूप! पान तळाला.

"अगं बाई!"

"आता कशी अगं बाई? सांगितलं नव्हतं?" परी गालात हसली आणि दगडाआड लपली, कारण काचशेठ ढेकर देत येत होता.

आता बयसाठीच मागायचं! आवडीनं दुसरं पान हळूच सोडलं आणि शेठचं तिकडं लक्ष जाऊ नये म्हणून सहज विचारलं, "शेठ, इतकी झाडं नेता, ती जातात कुठं?"

"सडतात! वाहत्या पाण्यातली ती, काचेत पंधरवडाभर टिकतात. मग लोक पुन्हा मागतात. उद्या पलीकडचा डोह उपटायचाय."

पान निघालं! गिरकी घेत, खडक चुकवत, सुळ्ळकन! आवडी काठानं धावत सुटली. ओठांवर एकच शब्द, बय, बय! पण डोळ्यांपुढं ती हिरवी चिंधी. पलीकडच्या डोहाचीही हीच गत? त्याच्या पुढच्याचीही? पान कड्याशी पोचलं, आणि आवडी किंचाळली,

"काचेत गेलेलं झाडन् झाड तिथंच रुजू दे, जगू दे!"

पान झुपकन कड्याखाली गेलं.

आवडी मटकन बसली. "बये, तुझं मागायचं राहिलं ग!"

"राहील कसं?" परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "तू मागितलं नाहीस, ते मी देते."

तिनं ती शेवटची चिंधी सोडली आणि पाण्यावर झटकली. डोहभर हिरवं हिरवं पसरलं! झाडं डुलली, चंदेरी मासोळ्या सळसळत परतल्या. परी सोनेरी झाली, मग पांढरी, मग नुसता उजेड, आणि उजेडही पाण्यात विरघळला.

तिकडे शहरात पेटीपेटीतल्या झाडांना पिल्लं फुटली. "घ्या हो वहिनी, आमच्याकडं उदंड झालंय," म्हणत लोक एकमेकांना वाटू लागले. काचशेठच्या टोपल्या कोण घेणार? तो आता बांगड्या विकतो म्हणे. धंदा काचेचाच!

आणि आवडी? ओच्यात चार मासोळ्या घेऊन ती घरी उडतच गेली. कालवण रटरटलं. बय एक वाटी प्यायली, दुसरी प्यायली, घामानं डवरली, आणि उठून बसत म्हणाली,

"मीठ कमी घातलंस ग बाई!"

बयच्या तोंडाला चव आली होती. आवडी अशी नाचली, अशी नाचली, की झोपडीचं छप्परसुद्धा हललं!