ठमाआजीची हाक

तुमच्या पणजोबांना दुधाचे दात होते, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर, अगदी कड्याच्या काठाला, एक वाडी होती. तिला कड्याची वाडी म्हणत, आणि अजूनही म्हणतात. पावसाळ्यात तिथे असं धुकं उतरायचं की माणसाने हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसू नयेत. वाडीचे लोक त्याला धुई म्हणायचे. म्हैस दारात रवंथ करत उभी असायची आणि धनी तिला रानभर शोधत फिरायचा. हसू नका, खरंच असं व्हायचं.

त्या धुईत चकवा राहतो, असं म्हणतात. तो कुणाला मारत नाही की खात नाही. नुसती हाक मारतो आणि माणसाला वाट चुकवतो. पण त्याचं एक आहे, त्याला माणसांची नावं ठाऊक नसतात. म्हणून तो आपला "अहो", "अगं", "अरे ए" एवढंच म्हणतो. वाडीतलं पोर चालायला लागलं की त्याला आधी हेच शिकवायचे. धुईत बिननावाची हाक आली तर ओ देऊ नये. हाकेकडे पाठ करावी आणि उलट्या दिशेने निघावं.

ठमाआजी या वाडीत आली तेव्हा ती आजी नव्हती, हे काय सांगायला हवं? कोवळी पोर होती. नवराही तिच्याहून फार मोठा नव्हता. पहिल्या पावसाळ्यात त्याने तिच्यासाठी पानांचं इरलं विणलं. ते इतकं मोठं झालं की आत दोघं मावावीत. वाडी त्यावरून वर्षभर त्याची टिंगल करत होती, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी तो आणि त्याचा सोबती बारकू म्हशी घेऊन पठारावर गेले, आणि एकाएकी धुई उतरली. ठमा दारात आली. कडा तर घरापासून हाकेवर. हाक मारायला हवी. पण नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईने सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. म्हणून ती सगळ्या बायका मारतात तशीच हाक मारत राहिली. "अवोऽऽ! ऐकलं का? इकडं याऽऽ!"

बारकूने मागून सांगितलं. हाक आली, पण नाव नव्हतं. बारकू भिऊन एका खडकाला पाठ लावून बसला. ठमाचा नवरा म्हणाला, "चकवाच ह्यो. बस हितंच, म्या वाट बघून येतो." त्याने लहानपणी शिकवल्याप्रमाणे हाकेकडे पाठ केली आणि उलट्या दिशेने निघाला. उलट्या दिशेला कडा होता.

ठमाच्या पोटात तेव्हा मूल होतं. ती किती रडली ते सांगत नाही, तुम्हीच समजा. पण धुई पुन्हा उतरली त्या दिवशी ती घराबाहेर पडली, कड्याजवळच्या मोठ्या धोंड्यावर चढली, आणि रानात असेल त्या प्रत्येकाला नाव घेऊन हाका मारू लागली. सासऱ्यांना नावाने. थोरल्या दिरांना नावाने. वाडीने तोंडात बोटं घातली. सून असून दिराचं नाव घेते! पण दीर धडपणे घरी आला, आणि पुढे कुणी काही बोललं नाही.

तिथून पुढे ते तिचं कामच झालं. धुई उतरली की ठमा धोंड्यावर. आणि नुसती नावं घेईल तर ती ठमा कसली! "बारक्या, मुडद्या, म्हस घरी आली, तिला अक्कल हाय, तुला कवा येयाची? गंगूऽऽ, भवाने, लाकडं दे फेकून, आदी ये!" तिच्या शिव्या ऐकल्या की रानातला माणूस सुटकेचा श्वास सोडायचा. चकवा काही एवढ्या मायेने शिव्या देत नाही.

तिची हाक जिथून जायची तिथे धुईत वाट पडायची, असं म्हणतात. उभ्या गवतातून बैल गेला की मागे पडते ना, तशी. कोकणातून मिठाचे बैल घेऊन वर येणारे लोक घाटातच थांबायचे आणि तिची हाक आली की त्या वाटेने वर चढायचे. तिला त्यांची नावं कोण सांगायचं, ते कुणालाच माहीत नाही. बाळाच्या कानात आत्याने नाव सांगितलं, तरी ठमाआजीने ते धोंड्यावरून एकदा ओरडल्याशिवाय बारसं पुरं व्हायचं नाही. ती उभी राहू लागल्यापासून कड्यावरून एकही माणूस पडला नाही, असं म्हणतात.

तिचा मुलगा आणि सून मात्र पटकीच्या साथीत गेले, आणि तान्हा नातू तिच्या ओटीत राहिला. भावकी म्हणाली, आजोबाचं नाव ठेवू. ठमाआजी म्हणाली, "त्ये ठिवलंत तर म्या ह्याला हाक कशी मारू?" म्हणून त्याचं नाव केरू ठेवलं. सगळ्या मुलखाची नावं तिच्या जिभेवर होती, तेवढं एक सोडून.

केरूचं लग्न झालं आणि मंजुळा घरात आली. मंजुळा फार हळू बोलायची. आजी तिला चिडवायची, "आगं, जरा मोठ्यानं बोल, चुलीतला जाळ तुझ्यापरीस मोठ्यानं बोलतो." मंजुळा पदराआड हसायची. स्वतःच्या आईनेही तिचे इतके लाड केले नव्हते. रोज संध्याकाळी आजी तिची वेणी घालायची आणि वाडीतल्या एकेकाच्या खोड्या सांगायची. मंजुळाला वाटायचं, ही संध्याकाळ अशीच लांबत राहावी.

त्याच वर्षी पावसाळ्यात आजीला खोकला झाला आणि तिचा आवाज गेला. साधा बसला नाही, गेलाच. तोंड हलायचं आणि आतून वारा यायचा.

अशात बाजाराचा दिवस आला. वाडीतली बहुतेक माणसं खाली उतरली होती. केरू म्हैस शोधायला पठारावर गेला होता, आणि भर दुपारी धुई उतरली. अशी धुई आजीनेही पाहिली नव्हती. दोघी एकमेकींचा पदर धरून धोंड्यापर्यंत पोचल्या. आजी वर चढली, छाती भरून घेतली आणि केरूला हाक मारली. तोंडातून नुसती वाफ निघाली. तिने पुन्हा मारली, आणि पुन्हा. मग तिने मंजुळाचा दंड धरला आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "तू मार."

मंजुळाने ओठ उघडले. "अवोऽऽ," ती म्हणाली.

आजीने तिच्या तोंडावर हातच ठेवला. "तशी न्हाई! तशी म्या मारली व्हती."

"आजी, नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य..." मंजुळा रडू लागली.

"म्या घेतलं न्हवतं. त्याचं किती वाढलं?"

नाव घेतलं तरी केरू तिच्याच हातून जाणार आणि नाही घेतलं तरी तिच्याच हातून जाणार, असं मंजुळाला वाटलं. जीभ टाळ्याला चिकटली. आजी तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आपल्याच तरुणपणच्या तोंडाकडे बघावं तशी बघत राहिली. मग तिने कड्याकडे तोंड केलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली,

"लहानूऽऽऽ!"

मंजुळा म्हातारी होईपर्यंत सांगायची, तो आवाज आजीचा नव्हता. एका तरुण पोरीचा होता. एवढी वर्षं घशात तसाच कोवळा राहिलेला. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी उंबऱ्यात उभं राहून तो ऐकला, आणि हे नाव आपण कुठे ऐकलं होतं, ते त्यांना हळूहळू आठवलं.

आणि धुईतून ओ आली. "ओऽऽ, आलो!" पुरुषाचा आवाज, आणि जरासा हसरा.

तो केरूचा आवाज नव्हता. पण तो ऐकला आणि मंजुळाची जीभ सुटली. ती धोंड्यावर चढली आणि जीव खाऊन ओरडली, "केरूऽऽ! केरूऽऽ, हिकडंऽऽ!" अगदी कड्याच्या बाजूने केरूची ओ आली. ती हाका मारत राहिली, तो ओ देत राहिला, आणि थोड्या वेळाने आधी म्हैस दिसली, मग केरू.

आल्या आल्या त्याने विचारलं, "तो कुठं गेला?"

"कोण?"

केरू म्हणाला, "म्या काठावरच व्हतो बघ. पुढचं पाऊल टाकणार, तवर कुणीतरी अगदी कानाशी ओ दिली. थबकलो. माझ्याच वयाचा गडी व्हता, डोईवर हे एवढं मोठं इरलं. मला वलांडून हाकेकडं निघाला. म्या आपला त्याच्या मागनं आलो."

दोघांनी मागे वळून पाहिलं. धोंड्याला आजीची काठी टेकलेली होती. आजी नव्हती.

संध्याकाळी धुई उठली. बाजाराहून परतलेल्या माणसांनी कड्याखाली उतरून शोधलं, रान पालथं घातलं. गवताची काडीसुद्धा वाकलेली नव्हती. दोघं एका इरल्याखालून गेली, असं म्हणतात. केरू लहान मुलासारखा रडला, त्याला आई म्हणून तीच होती. मंजुळाही रडली. दुसऱ्या संध्याकाळी वेणी घालायला बसताना तिला समजेना, पाठ कुणाकडे करायची.

पण धुई उतरली तेव्हा धोंड्यावर मंजुळा चढली. पहिलं नाव तिने केरूचं घेतलं. तो बराच म्हातारा होऊन गेला, तुमच्या माहितीसाठी सांगतो.

अजूनही त्या वाडीत नवी सून आली की तिला उखाणा घ्यायला लावत नाहीत. पहिल्या धुईच्या दिवशी तिला धोंड्यावर उभी करतात, नवरा गवतात जाऊन दडतो, आणि ती त्याला सगळ्यांसमोर नुसत्या नावाने हाक मारते. पहिल्या हाकेला ओ द्यायची, अशी त्याला ठमाआजीची आण असते. एखादी लाजून कितीतरी वेळ उभी राहते. तिला कुणी घाई करत नाही.

सुनेचं झालं की ज्यांचे नवरे आता नाहीत त्या बायका पुढे येतात. एकेक जण धोंड्यावर चढते आणि आपल्या माणसाला नावाने हाक मारते. प्रत्येक हाकेनंतर सगळी वाडी गप्प राहते, पोरंसोरंसुद्धा. मग ती बाई पदर सावरत खाली उतरते, आणि ओ आली का, असं तिला विचारायची तिथे रीत नाही.