बेचाळीस बदकांची कवायत

विषय : तळ्याकाठी राहणाऱ्या भिवराबाई हिच्या मोकाट बदकाने राजवाड्यात शिरून सरकारी मोजडीत अंडे घातल्याबाबत.

संदर्भ : खुद्द सरकारांचा उजवा पाय.

प्रकरण नाजूक होते. कडेवळचे राजे हैबतराव यांनी सकाळी मोजडीत पाय घातला, आणि पुढे जे झाले त्यावर राजवाड्यात कोणीही हसले नाही. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

भिवराला बेचाळीस बदकांसह दरबारात हजर करण्यात आले. म्हणजे हजर ती एकटीच झाली. बदके वाटेतच राजवाड्याच्या अळवात शिरली.

"पाहिलंत, सरकार?" कारभारी त्रिंबकपंत म्हणाले. "आत्ता, या घडीलासुद्धा भरकटलीच! सगळी मुदपाकखान्यात धाडावीत, हे माझं नम्र मत." पंत स्वतः मांसाहार करत नसत, त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती धरले गेले.

या बदकांच्या अंड्यांवरच भिवराच्या घरची चूल पेटत होती. पण तिच्या जिभेने पोटाला कधी विचारले नव्हते.

"सरकार, माझी बदकं भरकटत नाहीत! जिथं जायचं असतं, तिथंच जातात."

"माझ्या मोजडीत?"

"अंडं घालायला मऊ, अंधारी जागा लागते, सरकार. तळ्याकाठी एवढी मऊ मोजडी कोणाची आहे?"

राजांना हसू फुटणार होते. ते दाबावे लागले, म्हणून त्यांचा राग दुप्पट झाला.

"असं काय! मग ऐक. परवा दसऱ्याला फौजेची कवायत आहे. फौजेमागून तुझी बदकं चालतील. पागेच्या दारातून निघायचं, माझ्यासमोरून चौक पार करायचा आणि पलीकडच्या कमळतळ्याच्या दरवाजातून बाहेर पडायचं. एका रांगेत! दोरी नाही, काठी नाही, हाक नाही, दाणा दाखवायचा नाही. एका जरी बदकानं रांग सोडली, तर सगळी मुदपाकखान्यात!"

दरबार खदखदून हसला. भिवराने वाकून मुजरा केला.

"हुकूम, सरकार. एकच विनंती. आदल्या संध्याकाळी खाऊपिऊ घालून बदकं तुमच्या पागेत कोंडते. कवायतीची वेळ होईपर्यंत दार कोणी उघडू नये."

"कोणी उघडणार नाही, बाई! मी स्वतः कुलूप घालतो!" पंत आनंदाने म्हणाले. परक्या जागेत डांबलेली बदके सुटताच चारी दिशांना पळणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. बदकांच्या खुराड्याचे दार सकाळी उघडल्यावर काय होते, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेले नव्हते.

दसरा उजाडला. कवायत सकाळी लवकर ठरली होती, म्हणजे उन्हे चांगली वर आल्यावर सुरू झाली. आधी फौज निघाली. चौथ्या शिपायाचे पागोटे सुटले, ते बांधायला तो थांबला. अकराव्याला गर्दीत मेहुणा दिसला, तो खुशाली विचारायला गेला. निशाणवाला चुकून मुदपाकखान्याकडे वळला आणि लवकर परतला नाही. सेनापती खंडोजी ओरडून ओरडून लाल झाले.

तेवढ्यात पंतांनी डाव साधला. बदकांनी हमखास पांगावे म्हणून त्यांनी चौकभर कोरडा कोंडा पसरवला. हुकमात दाणा दाखवायला मनाई होती, पण ती भिवराला!

भिवराने कोंडा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. पंतांना वाटले, बाई रडते आहे.

कुलूप निघाले. सगळ्यांत म्हातारी बदकीण, आक्का, मान लांब करून बाहेर आली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. अख्खी रांग डुलत डुलत चौकात आली आणि आक्काला कोंडा दिसला.

ती थांबली. बेचाळीस बदके थांबली. आक्काने चोचभर कोंडा उचलला. मागच्यांनीही जागच्या जागी चोची भरल्या. पंत खुशीत हात चोळू लागले.

आणि आक्का धावत सुटली! चोचीला कोंडा चिकटलेला, मान पुढे, पंख अर्धे उघडे, आणि तिच्या शेपटीला शेपूट लावून एकेचाळीस बदके! उजवीकडे नाही, डावीकडे नाही, राजांकडेसुद्धा नाही. ओळ सरळ सरकारांसमोरून गेली, दरवाजातून बाहेर पडली आणि तळ्यात बेचाळीस वेळा डुबुक झाले.

"मोजा रे!" राजे उठून उभे राहिले. मोजली. बेचाळीस!

"काय मंत्र घातलास, भिवरा?"

"मंत्र कसला, सरकार! कोंडलेलं बदक सुटलं की समोर दिसेल ते पाणी सरळ गाठतं, एकामागं एक. आमच्याकडं हे रोजचंच आहे. वाटेत थोडी रेंगाळतील, एवढीच धास्ती होती. पण कोरडा घास बदकाला पाण्याशिवाय गिळता येत नाही. चोच भरली, की धावायलाच लागतं. एवढी काळजी पंतांनीच घेतली. त्यांचे उपकार कसे फेडू?"

पंतांनी आभाळाकडे पाहिले. तिकडून काही मदत आली नाही.

राजांनी ओठ आवळले. "बदकं रांगेत गेली, ठीक. मग माझी एवढी शिकवलेली फौज का पांगली?"

"सरकार, माझ्या बदकांना कुठं जायचंय ते ठाऊक होतं. फौजेला कोणी सांगितलंय का?"

राजे हसले! असे हसले, की शिरपेच नाकावर आला आणि शेजारच्या हुजऱ्याला त्यांना धरावे लागले. मग त्यांनी खांद्यावरचा शेला काढून भिवराला दिला, कमळतळे तिच्या बदकांना कायमचे मोकळे केले आणि जाता जाता फर्मावले, "पुढच्या दसऱ्याला बदकं पुढं, फौज मागं!"

हुकमाची नोंद झाली. या क्रमात फेरबदल व्हावा, असा सेनापती खंडोजींचा अर्ज त्याच दिवशी दाखल झाला असून तो त्रिंबकपंतांकडे अभिप्रायासाठी आहे. निर्णय अद्याप प्रलंबित.